चष्मेवाला आणि त्याचा बेटावरचा भाऊबंद

फ्रीगंजातील जुन्या बंगल्यांच्या परसांत शेवगा, पेरू आता बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. तरीही टॉवरचा गजबजाट मागे टाकून आतल्या गल्लीत शिरले, की चष्मेवाल्यांचा थवा अजून दिसतो. अर्ध्या वितीएवढा हा हिरवट-पिवळा पक्षी. डोळ्यांभोवती पांढरे कडे, म्हणून हे नाव. थव्यातले सारे हलक्या आवाजात सतत बोलत असतात, जणू एकमेकांची हजेरी घेतात. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी बांधलेली घरट्याची इवलीशी वाटी ते फांदीच्या बेचक्यात टांगतात.

इतका नाजूक जीव उंदीर, मांजर, साप, कावळे यांच्या शेजारात टिकून आहे. त्याचा एक भाऊबंद मात्र ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस सुमारे सहाशे किलोमीटरवरील लॉर्ड हाऊ बेटावर राहत असे. शास्त्रज्ञांनी त्याचे नावच 'बळकट' असे ठेवले होते. जून १९१८ मध्ये 'मकाम्बो' हे जहाज तेथे खडकावर आदळले आणि त्यातील काळे उंदीर किनाऱ्यावर उतरले. काही वर्षांतच हा बळकट चष्मेवाला नामशेष झाला. त्याच्यासह केवळ त्या बेटावरच आढळणाऱ्या आणखी चार प्रकारचे पक्षीही गेले. त्याच बेटावरचा लहान चष्मेवाला, जो ऑस्ट्रेलियातील जातीचीच शाखा आहे, आजही तेथे नांदतो. तेव्हा प्रश्न बळाचा नव्हताच.

गंमत (तिला गंमत म्हणणे जिवावर येते) अशी, की काळा उंदीर मूळचा आपल्याच भारतभूमीचा. आमच्या चष्मेवाल्याच्या कित्येक पिढ्या त्याच्या सान्निध्यात वाढल्या. बेटावरच्याने झाडावर चढणारा उंदीर कधी पाहिलाच नव्हता. शिवाय फ्रीगंजातला एखादा थवा संपला, तर देवासकडून दुसरा येईल. बेटावरच्याला परगावच नव्हते.

शिंद्यांबरोबर माळव्यात आलेल्या आम्हा घराण्यांना हे शब्द उगाच टोचतात. आमची मराठी इथे टिकली ती सोवळ्यात ठेवल्याने, असे काही वडीलधारी मानतात. आम्हांला ते पटत नाही. ग्वाल्हेर, इंदूर, पुण्याहून सुना येत राहिल्या, पुस्तके येत राहिली, माळवी आणि हिंदी अंगणात वावरत राहिल्या, म्हणून ती टिकली.

लॉर्ड हाऊवर २०१९ मध्ये उंदरांच्या निर्मूलनाची मोठी मोहीम झाली. त्यानंतर तेथील उरलेले पक्षी आणि झाडे पुन्हा जोर धरू लागली. बळकट चष्मेवाल्याला पुन्हा आणावे, तर तो दुसरीकडे कोठे नव्हताच.