आजींना घेऊन फिरायला निघताय?

"तुम्ही जाऊन या, माझे गुडघे दुखतात," असं घरच्यांना सांगणाऱ्या आजी माझ्या दवाखान्यात रोज भेटतात. नीट विचारलं की कळतं, खरी भीती जिन्याची आणि स्वच्छतागृहाची असते.

माझ्या आईला आम्ही पुण्यात वनाझहून संभाजी उद्यानात मेट्रोनेच नेतो. २०२२ पासून धावणाऱ्या या मेट्रोच्या स्थानकांवर लिफ्ट आहे आणि डबा जवळपास फलाटाच्या पातळीला येतो, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

तुम्हीही घरापासून बागेच्या फाटकापर्यंतचा पूर्ण रस्ता डोळ्यांसमोर आणा. लिफ्ट रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, स्वच्छतागृह कुठे आहे, हे आदल्या दिवशी कुणीतरी पाहून यावं. ऑफिसच्या गर्दीची वेळ टाळा.

एक मात्र करू नका. वाटेत लघवीला जावं लागेल म्हणून पाणी पिणं थांबवू नका, लघवीची गोळीही परस्पर बंद करू नका. उन्हात चक्कर येऊन पडण्याचा धोका वाढतो. गोळीची वेळ बदलता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन घेत असाल तर जेवणाची वेळ चुकवू नका. खिशात साखर ठेवा.

घरी बसून राहिल्याने गुडघे सुधारत नाहीत, मांड्यांचे स्नायू मात्र आणखी कमजोर होतात. तेव्हा आजींना सोबत न्याच.