राजमुद्रेवरचा सिंह

इतिहासाचे अध्यापन करण्यात आमची सत्तावीस वर्षे गेली. सारनाथच्या स्तंभशीर्षावरील सिंहांविषयी आणि २६ जानेवारी १९५० रोजी त्यांना राष्ट्रमुद्रेचा मान मिळाल्याविषयी आम्ही दरवर्षी मुलांना तन्मयतेने सांगत आलो. परंतु जिवंत सिंह आम्ही कधी पाहिला नव्हता. ही उणीव सातवीतील एका विद्यार्थ्याने उघडी केली. ऊसतोडीला जाणाऱ्या आईवडिलांचा हा मुलगा. वसतिगृहातील आपल्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणावर, आतल्या बाजूने, त्याने सिंहाचे चित्र चिकटविले होते. "सर, तुम्ही खरा सिंह बघितलाय का?" असे त्याने भर वर्गात विचारले आणि आम्ही निरुत्तर झालो. त्या वर्षीची सहल जुनागढला ठरली.

मुंबईहून वेरावळकडे जाणाऱ्या गाडीत आम्ही मुलांना पार्श्वभूमी सांगितली. एके काळी पश्चिम आशियापासून बिहारपर्यंत वावरणारा हा सिंह शिकारीपायी सर्वत्र नष्ट झाला आणि केवळ गीरच्या परिसरात उरला. जुनागढच्या नवाबांनी शिकारीस आळा घातला म्हणून तो तगला. २०२० मध्ये त्यांची संख्या ६७४ होती. २०२५ च्या गणनेत ती ८९१ भरली. तथापि सर्व वन्य सिंह एकाच प्रदेशात असल्याने एखादी साथही त्यांना घातक ठरू शकते. म्हणूनच त्यांना दुसरे घर मिळावे, यासाठी काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो येथे हलविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला होता.

१८६३ मध्ये स्थापन झालेल्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयात आम्ही सकाळीच पोहोचलो. सिंह आमच्याकडे पाठ करून झोपला होता. मुलांचा हिरमोड झाला. गर्जना नाही, झेप नाही. शेपटीचा गोंडा तेवढा मधूनमधून हले. थोड्या वेळाने मुले माकडांकडे वळली. तो एकटा मात्र जाळीपाशी बसून राहिला. तासाभराने त्याने आम्हांस सांगितले, "सर, याची आयाळ विरळ आहे, कान दिसतात. आणि पोटाखाली कातड्याची घडी आहे." आशियाई सिंहाची हीच ओळख आहे. ती आम्ही वाचली होती, त्याने पाहिली.

तेथील वयस्क रखवालदाराने गुजराती-हिंदीत मुलांना सांगितले, की जखमी झालेले सिंह उपचारांसाठी येथे आणले जातात. गीरच्या आसपास शेतांमध्ये कठडा नसलेल्या हजारो विहिरी आहेत. रात्री शिकारीमागे धावताना सिंह त्यांत पडतात. वनखाते आता विहिरींना कठडे बांधून घेत आहे.

दुसऱ्या दिवशी गिरनारच्या वाटेवरील अशोकाच्या शिलेसमोर आम्ही उभे होतो. या एकाच खडकावर चौदा लेख आहेत. पहिल्यात सम्राट प्रांजळपणे कबूल करतो, की आपल्या पाकशाळेत पूर्वी असंख्य प्राणी मारले जात; आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारले जातात, पुढे तेही मारले जाणार नाहीत. दुसऱ्या लेखात माणसांच्या आणि पशूंच्या उपचारांची व्यवस्था केल्याचे, आणि दोघांच्या उपयोगासाठी रस्त्यांवर विहिरी खणल्याचे त्याने नोंदविले आहे.

"सर, विहिरी राजानं खणल्या. मग कठडे कुणी बांधायचे?"

प्रश्न त्याच मुलाचा होता. आम्हांस क्षणभर आमची आजी आठवली. गावच्या विहिरीत पोहरा सोडण्याची तिला मुभा नव्हती. कुणी ओंजळभर दया करील म्हणून ती हंडा घेऊन दूर उभी राहत असे. ज्या पाण्याला जनावरांना मज्जाव नव्हता, त्या पाण्यासाठी माणसांना २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागून महाडच्या तळ्यावर जावे लागले. करुणा नुसती मनात असून भागत नाही. तिची व्यवस्था करावी लागते, हे आमच्या घराने सोसून जाणले होते. तरीही सिंहाला आम्ही केवळ मुद्रेवरचा मान समजत राहिलो. त्याला जगविण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न वर्गात आम्ही कधी विचारलाच नव्हता. "ज्याला विहीर दिसली, त्याने," एवढेच उत्तर आम्हांस सुचले.

परतल्यावर मुलांनी ते उत्तर शब्दशः घेतले. वसतिगृहामागच्या शेतात एक जुनी, उघडी विहीर आहे. तिच्याजवळून आम्ही वर्षानुवर्षे जात होतो. माजी विद्यार्थ्यांनी सिमेंट दिले, गवंडीकाम जाणणाऱ्या एका पालकाने हात लावला, मुलांनी विटा वाहिल्या आणि पावसाळ्यापूर्वी कठडा उभा राहिला.

ओल्या सिमेंटवर त्या मुलाने काडीने एक सिंह काढला आहे. त्याचे कान आयाळीबाहेर दिसतात. स्मरणिका हाती आल्यावर शाळेत येणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा.