गव्हाआधी ताग

आमची शेती देवासच्या बाजूला आहे. काळी जमीन, एक विहीर. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू. शेती कसतात काका. मी इंदूरला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. बाबा गेल्यावर सातबारावर, म्हणजे इकडच्या भाषेत खसऱ्यावर, माझंही नाव लागलं. दर रब्बीत काकांचा अर्धा दिवस युरियाच्या रांगेत जातो. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी विचारलं, "काका, गव्हाला लागणारं थोडं नत्र शेतातच तयार केलं तर?"

"सोयाबीन आहे की! तेही द्विदलच," काका म्हणाले.

सोयाबीनच्या मुळांवर गाठी येतात, त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र पिकाला देतात, हे खरं. पण त्यातलं बरंचसं दाण्यात जातं आणि दाणा मंडीत. गव्हासाठी मागे थोडंच उरतं. हिरवळीच्या खताचं तसं नाही. ताग किंवा धैंचा पेरायचा, फुलावर येताच जमिनीत गाडायचा. काही विकायचं नाही, सगळं मातीला.

अडचण नेमकी तिथेच आहे. बागायती गव्हाला हेक्टरी साधारण १२० किलो नत्र सांगतात. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे सहा गोण्या. त्यांची किंमत सोळाशे रुपयांच्या आसपास. आणि तागासाठी सोयाबीन सोडायचं, तर हेक्टरी १० क्विंटल धरलं तरी चाळीस हजारांचा माल गेला. नुसत्या नत्राच्या हिशेबात ताग कधीच जिंकणार नाही. मी म्हटलं, "तेवढे पैसे मी भरतो."

काका जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पगारावर चालवलेली शेती ही शेती नव्हे, बाळा. जमिनीने आपलं आपण भागवलं पाहिजे."

त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पण काकांनाही एक गोष्ट दिसत होती. जमीन दर वर्षी घट्ट होत होती, तेवढ्याच गव्हाला खत जास्त लागत होतं. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. शेताचे चार भाग करायचे, दर वर्षी एकाच भागात ताग. चार वर्षांत प्रत्येक तुकड्याची पाळी येईल, आणि घर तीन तुकड्यांच्या सोयाबीनवर चालेल.

मग वेळेचा प्रश्न आला. पहिल्या पावसावर पेरून ऑगस्टच्या मध्यात गाडला, तर गहू पेरेपर्यंत अडीच-तीन महिने जातात. कोवळा ताग लवकर कुजतो. सुटलेलं नत्र सप्टेंबरच्या पावसात खाली झिरपतं, पाणी साचलं तर हवेत उडून जातं. जास्त दिवस उभा ठेवावा, तर खोड काष्ठासारखं होतं. ते कुजवताना जिवाणू मातीतलंच नत्र वापरतात आणि गहू सुरुवातीला पिवळा पडतो. म्हणून आम्ही जुलैच्या मध्यात पेरला, एकरी २५ किलो बी, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, फुलं दिसू लागताच, ओल असताना रोटाव्हेटरने गाडला. चांगला वाढलेला ताग हेक्टरी ६० ते ८० किलो नत्र देतो. मात्र सगळंच गव्हाला मिळत नाही. म्हणून त्या तुकड्यात युरिया बंद केला नाही, निम्मा केला.

गहू बाकीच्या शेतासारखाच आला, पोतंभर इकडेतिकडे. एका वर्षावरून निकाल लावू नये, हे मी काकांना सांगायच्या आधी त्यांनीच मला सांगितलं. पण पाणी देताना त्या तुकड्यात ओल जास्त टिकते, हे त्यांनी आपणहून सांगितलं.

या विषयात इंदूरचं नाव जुनं आहे. १९२४ साली इथे स्थापन झालेल्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' विकसित केली. तिच्यावरच्या १९३१ च्या पुस्तकाचे सहलेखक होते यशवंत वाड. आपल्यापैकी अनेकजण रोज कृषी महाविद्यालयावरून जातात. ते काम त्याच आवारात झालं.

आता तिसऱ्या तुकड्याची पाळी आहे. आपल्या मंडळातल्या ज्यांची गावाकडे शेती आहे, त्यांनी सगळं शेत पणाला लावू नये. एक तुकडा करून पाहावा. आणि शेजारचा तुकडा नेहमीसारखाच ठेवावा, नाहीतर तुलना कशाशी करणार?