मराठवाड्यातला ठ

"काका, कोणता टॅबलेट घेऊ?" असं विचारत ती पोरगी दुकानात आली, तेव्हा मी माझ्याच टॅबलेटला शिव्या घालत बसलो होतो. समोर पडद्यावर 'मराठवाडा कृषी सेवा केंद्र' हा बोर्ड होता. मालक हटून बसला होता, फॉन्ट नको, पेंटर, तुमच्या हातचं अक्षर पाहिजे. असं गिऱ्हाईक आता वर्षातून एकदा-दोनदा भेटतं, त्यामुळे मीही फुशारून होय म्हणून बसलेलो. म झाला, रा झाला. ठ होत नव्हता. सकाळपासून सतरा वेळा काढला आणि सतरा वेळा पुसला.

ठ दिसायला गरीब अक्षर आहे. वर रेघ, रेघेला छोटासा देठ, देठाला लटकलेला गोळा. पण त्यात लपायला जागा नाही. क ची एक बाजू बिघडली तर दुसरीवर निभावतं. श तर नखरेलच, त्यात चूक झाली तरी लोकांना नक्षी वाटते. ठ चुकला की चुकला. अशोकाच्या ब्राह्मीत ठ म्हणजे निव्वळ एक वर्तुळ होतं. सव्वादोन हजार वर्षांत बाकीच्या अक्षरांनी काय काय सोंगं घेतली, ह्यानं फक्त डोक्यावर रेघ घेतली. गुरुमुखीतला ठ गोल, तेलुगूतलाही गोल, वर पोटात टिंब. हे पुस्तकात वाचून सांगत नाही. 2008 साली नांदेडला गुरु-ता-गद्दीची तीनशे वर्षं साजरी झाली, तेव्हा गुरुमुखी बोर्ड रंगवले आहेत, आणि देगलूरकडचे दुकानदार मराठीखाली एक ओळ तेलुगूची मागायचे. आता हेच अक्षर आमच्या मुलखाच्या नावात बरोबर मधोमध येऊन बसलंय. मराठवाडा टी हाऊस, मराठवाडा ट्रेडर्स, मराठवाडा हार्डवेअर. चाळीस वर्षांत किती ठ काढले असतील त्याचा हिशोब नाही, पण डोळे मिटून येतो असं मी चारचौघांत सांगत आलोय.

शिकलो नांदेडला, इतवाऱ्यात. उस्ताद मूळचे उर्दू लिहिणारे. नून ह्या अक्षराच्या पोटाला ते दायरा म्हणायचे, आणि आमच्या ठ कडेही दायरा म्हणूनच बघायचे. "कलाई नक्को हिला रे, मोंढा हिला." पहिले दोन दिवस मला वाटलं, मोंढ्यात, म्हणजे बाजारात, जाऊन काहीतरी हलवून आणायला सांगतायत. त्यांच्या बोलीत मोंढा म्हणजे खांदा. ठ दोन फटकाऱ्यांत काढायचा: डावी कोर वरून खाली, मग उजवी कोर वरून खाली, आणि बुडाशी दोघी भेटतात तिथला सांधा दिसता कामा नये. सांधा दिसला की उस्ताद काही बोलत नसत, नुसता टर्पेंटाइनचा बोळा पुढं करत. उजवी कोर डावीपेक्षा किंचित जाड ठेवायची हेही त्यांचंच. दोन्ही सारख्या ठेवल्या तर ठ चाकासारखा घरंगळतो, म्हणायचे.

भूकंपानंतर लातूर भागात कामं निघाली म्हणून इकडं आलो. किल्लारीकडच्या नव्या वसाहतींचे बोर्ड, त्यात गावाच्या नावाहून दात्याचं नाव मोठं. मग गंजगोलाईतली दुकानं, निवडणुकीच्या भिंती, ट्रकांच्या पाठी. मग फ्लेक्स आला. त्यावर रडगाणं गात नाही, ते सगळ्यांनी गाऊन झालंय. 2005 साली मीही संगणक घेतला, कोरल शिकलो, श्री-लिपीचे फॉन्ट टाकले आणि 'भावी नगरसेवक' छापू लागलो. एका फ्लेक्सवर बेचाळीस डोकी बसवल्याचा माझा विक्रम आहे.

टॅबलेट घेतला 2012 मध्ये. मी त्याला पाटीच म्हणतो. परवडेल त्यातली सगळ्यात मोठी घेतली, दहा इंच बाय सव्वासहा इंच. लोकांना कारण सांगितलं की माझा हात भिंतीवरचा, खांद्यातून चालणारा, छोट्या पाटीवर तो मावणार नाही. कारण खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. लहान पाटी रस्त्यावरून दिसत नाही. मी टेबल फिरवून घेतलं, पाटी दाराकडं तोंड करून ठेवली आणि पेन कानावर अडकवायला लागलो. त्या पेनात बॅटरी नसते. पाटीखालच्या तारांच्या जाळीतून लहरी येतात, पेनातली गुंडाळी त्या परत पाठवते, त्यावरून पेन कुठं आहे ते कळतं. जपानच्या वॅकॉमनं हे तंत्र रुजवलं. आता चिनी पाट्यांतही तेच असतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी हे इतक्यांदा सांगितलं, की शेजारचा झेरॉक्सवाला मला लहरी पेंटर म्हणायला लागला.

आणि ठ बिघडला. सावकाश काढला तर बरा येई, झपाट्यानं काढला की आडवा पसरे, बसक्या माठासारखा. मी फटकाऱ्यावर जगलेला माणूस, सावकाश काढणं म्हणजे माझ्या लेखी गिरवणं. वाटलं, हात गेला. पंचेचाळिशी आली, त्यात तोंडात कायम तंबाखू. तंबाखू सोडली. एकदा घरून पाटीवर काम करत होतो. बायकोची काचेची बांगडी टेबलावर पडली होती. सहज ती पाटीवर ठेवली आणि आतून पेन फिरवलं. पडद्यावर बांगडी बसकी.

मग हिशोब मांडला. पाटी सोळास दहा ह्या प्रमाणातली, मॉनिटर सोळास नऊ, 1366 बाय 768 चा. ड्रायव्हर सगळी पाटी सगळ्या पडद्यावर ताणून बसवतो. पाटीवरचा आडवा एक इंच म्हणजे पडद्यावर 137 ठिपके, उभा एक इंच म्हणजे 123. हातानं अस्सल गोल काढला तरी तिकडं तो रुंदीला नवव्या हिश्श्यानं जास्त उमटणार. सावकाश काढताना डोळा पडद्यावर असतो, तो हाताला नकळत सावरून घेतो. फटकारा मात्र डोळ्याला विचारत नाही. ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा एक चौकोन असतो, त्यावर टिचकी मारली आणि गोल गोल आला. बदल्यात पाटीचा अर्ध्या इंचाहून मोठा पट्टा मेला, म्हणजे मोठी पाटी घेतल्याचा रुबाब तेवढा कापला गेला. आठ महिने सोडलेली तंबाखू मी त्याच संध्याकाळी परत धरली.

पाटी घ्यायला निघालेल्यांना खोक्यावरचे आकडे भुलवतात. दाबाच्या 4096 पायऱ्या की 8192? माझ्या हाताला दोन्हींत फरक कळलेला नाही, आणि कळतो म्हणणारा मला अजून भेटायचाय. खरं बघायचं ते पेन किती हलक्या स्पर्शाला जागं होतं. ब्रश पत्र्याला टेकायच्या आधीच त्याची शेवटची दोन केसं रंग सोडतात, ठ ची कोर तिथं सुरू होते. काही पेनं दाबल्याशिवाय बोलतच नाहीत, त्यांची कोर म्हणजे कोयत्यानं तोडलेला ऊस. आणि पाटी गुळगुळीत असेल तर तिच्यावर बटर पेपर चिकटवावा, पेनाला कागदापलीकडचंही कळतं. टोकं लवकर झिजतात, झिजू द्यावीत.

रेडिमेड डिझाइनवर नावं बदलून विकणाऱ्यांबद्दल काय बोलायचं? माझा शेजारीच तसा आहे आणि माझ्याहून दुप्पट कमावतो. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. र. कृ. जोशींनी मंगल हा फॉन्ट केला तो संगणकाच्या पडद्यावर बारीक अक्षर स्वच्छ वाचता यावं म्हणून. आमचे लोक तो दहा फुटी फ्लेक्सवर ताणतात आणि मग म्हणतात, मराठी अक्षरात दम नाही. कमल शेडगेंनी नाटकांच्या जाहिरातींत नावं लिहिली तेव्हा एक नाव दुसऱ्यासारखं दिसायचं नाही. वर्तमानपत्रातून कापलेली ती नावं माझ्या टेबलाच्या काचेखाली होती. त्यातला एक ठ मी चोरला आहे. कुठल्या बोर्डावर वापरला ते सांगत नाही, बोर्ड अजून आहे.

असो, ती पोरगी. उदगीरकडची, लातुरात नीटच्या तयारीला आलेली. खोलीवर चौघीजणी, मेसचा डबा, महिन्याला मोजून पैसे. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवलेली. बोटानं फोनवर चित्रं काढते. मला दाखवली. जीवशास्त्राच्या वहीतल्या पेशी होत्या, पण प्रत्येकीला चेहरा, एक रुसलेली, एक डुलकी घेणारी. गोल म्हणजे काय गोल होते! बोटानं! मी म्हणालो, "घ्यायचाच तर मोठा घे." का म्हणालो ते तेव्हाच कळलं होतं. माझ्यासारखीच चूक दुसऱ्या कुणी केली की ती चूक वाटत नाही.

ती म्हणाली, "माझ्याकडं लॅपटॉप नाही काका, फोनलाच लावायचाय." छोटी पिन आणून माझी पाटी तिच्या फोनला जोडली. फोन उभा, पाटी आडवी. मधला एक उभा पट्टा तेवढा जिवंत राहिला, दोन्ही बाजूंना पेन फिरवलं तर काहीच नाही. दहा इंचांची माझी ऐट, आणि तिच्या कामाला आली तळहाताएवढी जागा. ती हसली नाही, हे तिचे संस्कार.

मग माझ्या पडद्याकडं बघून म्हणाली, "हे काय करलालाव तुम्ही?" म्हणालो, पाटी खराब झालीय, रेघ थरथरतेय. तिरकी रेघ सावकाश ओढली की काठाला लाटा येतात. काही पाट्यांत हा दोष असतोच, आणि मी गेला महिनाभर तो धुंडाळत होतो. माझं टेबल म्हणजे जुन्या बोर्डाचा पत्रा, आणि धातूनं लहरी बिघडतात, म्हणून पाटीखाली प्लायवूड घातलं. चार्जर लांब नेला. पेनाचं टोक बदललं, वायर बदलली, ड्रायव्हर काढून परत टाकला. लाटा तशाच.

"पट्टी ठेवून बघितलं का?" तिनं विचारलं आणि कंपासपेटीतून सहा इंची प्लास्टिकची पट्टी काढून पाटीवर तिरकी धरली. दोन्ही टोकांना तिची बोटं, एका बोटावर शाई. मी पेन पट्टीला लावून होईल तितकं सावकाश ओढलं. पडद्यावर रेघ उमटली, दोरीला नीळ लावून मारावी तशी. एकही लाट नाही. दुसऱ्यांदा ओढली. तशीच. तिनं पट्टी उचलली आणि मी सवयीनं तशीच तिसरी ओढली, नुसत्या हातानं. ती रेघ आम्ही दोघांनीही बघितली. मग तिला एकदम फोनमध्ये काहीतरी बघायचं आठवलं.

उजव्या हाताची थरथर वर्षभर आहे. चहाचा कप मी डाव्या हातानं धरतो, आणि डावखुरेपणावर विनोद करतो. भिंतीवर हात टेकवायला काठी असायची, तिच्यावर मनगट टाकलं की उस्तादांचाही साठीतला हात स्थिर व्हायचा. इथं त्या काठीच्या जागी फोटोशॉपमध्ये स्मूदिंग नावाची पट्टी आहे, शून्यापासून शंभरापर्यंत. आकडा वाढवला की रेघ पेनाच्या मागं मागं येते, दाव्याला बांधलेल्या वासरासारखी, आणि वाटेतले सगळे हिसके गिळून टाकते. पूर्वी मी ह्याला लबाडी म्हणायचो, तेही दुकानात काम शिकणाऱ्या पोरांसमोर. आताही लबाडीच वाटते. काठी मात्र कधी लबाडी वाटली नव्हती. काठी निदान दिसायची.

तिला सहा इंच बाय पावणेचार इंचाची पाटी घ्यायला सांगितली, बिनबॅटरीच्या पेनाची, फोनला चालते हे खोक्यावर छापलेलं बघून. तेव्हा ती चार-पाच हजारांत बसायची. बापाला काय सांगायचं ते मी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी पाटी घेऊन आली आणि माझ्याच स्टुलावर बसून ठ काढून बघितला. तिचा ठ दोन्हीकडून सारखा, चाकासारखा. उजवी कोर जाड ठेव म्हणून सांगितलं. "काहून?" म्हणाली. घरंगळतो म्हणून, एवढंच आलं मला सांगता. तिनं जाड केली, जरा जास्तच, पण ठ जागेवर बसला.

जाताना माझ्या पडद्यावरचा ठ बघून थबकली. तो होता एकोणतिसावा, आणि झाला होता. बुडाशी सांधा शोधून सापडत नव्हता.

"काका, स्मूदिंग कितीवर ठेवता?"

"दहावर," मी म्हणालो. सत्तरावर होतं.

बोर्ड औसा रोडला लागलाय. मालकाला ठ फार आवडला, म्हणाला, पेंटर, हातचं ते हातचं, खाली तुमचं नाव टाकायला पाहिजे होतं. म्हटलं, टाकलंय की, नीट बघा. उजव्या कोपऱ्यात, ह्या वेळी नेहमीपेक्षा थोडं मोठंच टाकलंय.