उसण : भाग दुसरा

कुठल्याही चांगल्या गोष्टीचा दुसरा भाग काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. श्रीखंडाची दुसरी वाटी, वक्त्याचा ‘आणखी एकच मुद्दा’ आणि गाजलेल्या सिनेमाचा पुढचा भाग, तिन्ही ठिकाणी माणूस पहिल्याच्या आशेनं बसतो आणि जड होऊन उठतो. हे मत मला फुकट मिळालेलं नाही. त्यापायी मी माझी एक कंबर खर्ची घातली आहे.

१९८७ साली अमेरिकेत ‘डर्टी डान्सिंग’ निघाला. आमच्या घरी तो दोनेक वर्षांनी आला, तोही भाड्याच्या व्हीसीआरवरून. आमचं लग्न नवं होतं. आईनं सिनेमाचं नाव विचारलं. त्यातल्या पहिल्या शब्दाचं भाषांतर घरात करण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, “नाचाचा आहे.”

“मग बसते मी,” असं म्हणून आई ताटात तांदूळ घेऊन निवडायला पुढ्यातच बसली.

गोष्ट १९६३ सालची. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरातलं उन्हाळी हॉटेल, तिथं सुट्टीला आलेला एक डॉक्टर आणि त्याची ‘बेबी’ नावाची धाकटी मुलगी. ही बेबी नाच शिकवणाऱ्या जॉनीसमोर पहिल्यांदा येते ती भलंमोठं कलिंगड उचलून. “कामाला लाजत नाही हो पोरगी,” आईनं तिथंच तिला पास केलं. पुढं जॉनीच्या जोडीदारणीचा गर्भपाताचा प्रसंग आला तेव्हा मला एकाएकी खोकला लागला. आईचा तांदूळ मात्र निवडायचा थांबला होता.

आईला इंग्रजीचा गंध नव्हता. पण सिनेमा संपल्यावर तिनं विचारलं, “शेवटी त्या बापानं त्या पोराची माफी मागितली ना रे?”

“हो.”

“तुझ्या वडिलांना हे कधी जमलं नाही,” एवढंच म्हणून ती ताट घेऊन आत गेली. बावीस-तेवीस वर्षांच्या संसाराबद्दल मी तिच्या तोंडून ऐकलेलं ते एकमेव वाक्य.

पॅट्रिक स्वेझी शेवटी जेनिफर ग्रेला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलतो. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मी तोच प्रयोग केला. ही जेमतेम ओट्याच्या उंचीला पोचली आणि माझ्या कमरेत असा काही आवाज झाला, की शेजारच्यांनी दार वाजलं समजून उघडलं. उसण भरली. वाळूच्या पुरचुंडीनं शेकता शेकता आई म्हणाली, “अरे, त्यांनी आधी तळ्यात तालीम केली होती. तू एकदम जमिनीवर कशाला गेलास?”

पुढं वाचनात आलं, की ती तळ्यातली तालीम ऑक्टोबरात, नॉर्थ कॅरोलायनातल्या लेक ल्यूरच्या गारठलेल्या पाण्यात चित्रित केली होती. ओठ निळे पडले म्हणून कॅमेरा जवळ नेला नाही, आणि झाडांची पिकलेली पानं हिरव्या रंगानं रंगवली. म्हणजे त्यांनाही ते सुखासुखी जमलं नव्हतं. कंबरेला तेवढंच बरं वाटलं.

मग २००४ साली दुसरा भाग आला : ‘हवाना नाइट्स’. काही दिवसांनी त्याची डीव्हीडी आणून आम्ही दोघं बसलो. आईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

या वेळी साल १९५८, गाव क्यूबातलं हवाना. चित्रीकरण मात्र पोर्तो रिकोत. फोर्ड मोटारींच्या कंपनीतल्या साहेबाची अभ्यासू मुलगी आणि हॉटेलातला वेटर. नाचाची स्पर्धा रंगात येते न येते तोच गोळीबार होतो, पाठोपाठ बाटिस्टा देश सोडून पळतो. एवढी मोठी क्रांती, पण ती या दोघांचा नाच मोडायलाच आल्यासारखी वाटते. मध्येच नाचाचा मास्तर म्हणून दोन मिनिटं खुद्द स्वेझी येतो. आता पाहा, गोष्ट पहिल्या सिनेमाच्या पाच वर्षं आधीची आणि स्वेझी सतरा वर्षांनी थोराड! म्हणजे १९५८ साली पन्नाशीचा असलेला गृहस्थ १९६३ साली पस्तिशीचा होतो. कुठलं च्यवनप्राश घेत होता कोण जाणे.

“काय म्हातारा झालाय हो,” ही म्हणाली. मी निमूटपणे पोट आत घेतलं.

१९५८च्या हवानात आजची गाणी वाजतात म्हणून मी कुरकुरलो. ही म्हणाली, “अहो, पहिल्यातलं ते शेवटचं ऑस्कर मिळालेलं गाणंसुद्धा १९८७चंच होतं की. तेव्हा नाही खटकलं!” खरंच नव्हतं खटकलं. पहिल्या खेपेला माणूस सगळं माफ करतो.

एवढ्यात पडद्यावरची जोडी समुद्रात नाचाची तालीम करायला उतरली. “बघा, पाण्यात!” ही म्हणाली. आम्ही दोघंही एकदम हसलो, आणि दोघांनीही एकदम त्या कोपऱ्याकडं पाहिलं. तिथं तांदळाचं ताट नव्हतं. बिचाऱ्या हवानाकडून आम्ही काय मागत होतो, ते तेव्हा कुठं ध्यानात आलं.

सिनेमा संपला. उठताना मी कमरेवर हात ठेवून विव्हळलो.

“अहो, आज तर तुम्ही जागचे हललाही नाहीत!”

“हा दुसरा भाग,” मी म्हटलं, “यात नाच नसतो, नुसतीच उसण असते.”

ही काही न बोलता आत गेली आणि तव्यावर वाळू तापत ठेवली.