रुपेरी भुताचा जीर्णोद्धार

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपल्या कानांस देवळांच्या संबंधानें परिचित आहे. तो मोटारगाडीस लावल्यास कित्येक वाचकांस हंसूं येईल. परंतु एका विलायती मोटारीची हकीगत वाचल्यापासून आमच्या मनांत हाच शब्द घोळत आहे, व त्यास एक घरगुती कारणही आहे. तें ओघानें सांगूं.

रोल्स-रॉईस कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनीं १९०७ सालीं चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या नव्या जातींतील बारावा सांगाडा निवडला व बार्कर या नामांकित पेढीकडून त्यावर उघडी प्रवासी गाडी बांधविली. तीस रुपेरी रंग दिला, धातूच्या साहित्यावर चांदीचा मुलामा चढविला, आणि गाडी भुतासारखी निःशब्द चाले म्हणून नांव ठेविलें ‘सिल्व्हर घोस्ट’, म्हणजे रुपेरी भूत! पुढें तें नांव त्या साऱ्या जातीसच चिकटलें. १९२६ पर्यंत इंग्लंड व अमेरिका मिळून या जातीच्या पावणेआठ हजारांहून अधिक गाड्या निघाल्या. त्यांपैकींच एक १९०८ सालीं मुंबई-कोल्हापूरच्या चढाओढींत आपले घाट चढून गेली व पुढें ग्वाल्हेरच्या महाराजांकडे राहिली.

मूळ रुपेरी गाडीची परीक्षा याहून कठीण होती. रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या निरीक्षकांसमक्ष १९०७ मध्यें ती १५,००० मैल चालविली. लंडन व ग्लासगो यांमध्यें तिच्या अहोरात्र फेऱ्या चालत. विश्रांति काय ती रविवारीं. ६२९ मैलांवर हादऱ्यानें पेट्रोलची तोटी मिटली व गाडी क्षणभर थांबली. पुढील १४,३७१ मैलांत यंत्रदोषामुळें ती एकदांही थांबली नाहीं. नंतर यंत्राचा भाग न् भाग सुटा करून मोजण्यांत आला. झिजलेलें तेवढें बदलून तें पूर्ववत् करण्याचा खर्च भरला दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स! आम्हांस त्या १५,००० मैलांपेक्षां हा हिशेब अधिक मोलाचा वाटतो. काय झिजलें, किती झिजलें, हें न लपवितां त्यांनीं लिहून ठेविलें.

१९०८ मध्यें ही गाडी विकली गेली, व १९४८ मध्यें कंपनीनें ती परत मिळविली. त्यानंतर तिचा जीर्णोद्धार झाला. एकंदर पांच लक्ष मैलांहून अधिक प्रवास तिच्या नांवावर आहे.

त्या काळीं कारखाना केवळ सांगाडा व यंत्र देई. वरचा साज गिऱ्हाइकानें निराळ्या पेढीकडून करवून घ्यावयाचा. लांकडी चौकटीवर धातूचे पत्रे मढवीत. लांकूड कुजलें, कीं दुरुस्ती करणारापुढें प्रश्न उभा राहातो: ठेवावें काय, टाकावें काय? या जातीच्या कित्येक बंद गाड्यांचा मूळ साज काढून त्यांवर ऐटबाज उघडा साज चढविला गेला. त्या दिसतात सुंदर, पण आपलें खरें चरित्र सांगत नाहींत.

आपल्याकडे देवळाचें काम काढण्यापूर्वीं मूर्तीची कला विधिपूर्वक कलशांत आणून ठेवितात, व काम पुरें झाल्यावर तिची पुनः प्रतिष्ठा करितात. दगड बदलला तरी देव तोच, ही त्यांतील श्रद्धा. मग यंत्राची कला कशांत? आमच्या अल्पमतीस वाटतें, ती त्याच्या मापांत आहे. रॉईससाहेबांनीं सात आधारांवर तोललेला दांडा व त्यास दाबानें पोंचणारें तेल, हें ज्या काटेकोरपणें बसविलें, त्याच काटेकोरपणें नवा भाग बसविला आणि तो नवा आहे असें नमूद केलें, तर गाडी तीच राहिली असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां घरगुती कारण. आमच्या गांवच्या वाड्याची माजघरांतील तुळई वाळवीनें खाल्ली आहे. थोरला पुतण्या म्हणतो, वाडा पाडून सिमेंटचें घर बांधावें. धाकटा म्हणतो, वडिलार्जित वास्तूस हातच लावूं नये. दोघांचेंही वडिलांच्या स्मृतीवर प्रेम आहे, आणि त्यामुळेंच गेल्या श्राद्धाला दोघे एका पंक्तीस असूनही एकमेकांशीं बोलले नाहींत. आम्हांस त्या दिवशीं घांस गोड लागला नाहीं.

आम्हीं दोघांसही एकच मजकूर लिहिला आहे. तुळई सागाची, त्याच मापाची, नवी घालावी; खर्चाचा अर्धा भाग आमच्या पेन्शनींतून देऊं. धड खांबांस हात लावूं नये. माजघराच्या उंबरठ्यावर चार पिढ्यांच्या पावलांनीं पडलेली खळगी बुजवूं नये. नव्या तुळईवर ती घातल्याचें साल कोरावें, म्हणजे पुढच्यांस जुनें कोणतें व नवें कोणतें हें कळेल. आणि खर्चाचा तपशील, दोन पौंड दोन शिलिंग सात पेन्सांप्रमाणें, पैपैसह वहींत लिहून त्याखालीं दोघांनींही सही करावी.

धाकट्याचें उत्तर आलें. त्यास हें मान्य आहे. थोरल्याच्या पत्राची वाट पाहात आहों.