तात्यांचा ब्लॉक

माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत, त्यांत पाटबंधारे खात्यातल्या एका मोजणीदाराचं नाव फार वर आहे. सारं गाव त्यांना तात्या म्हणायचं. ते आमच्या भावकीतले नव्हते, गावचेही नव्हते. बदलीनं सांगवीत आले आणि निवृत्तीनंतर इथलेच झाले. त्यांनी मला पैसाअडका दिला नाही. तो त्यांच्याकडे नव्हताच. त्यांनी मला एक इंग्रजी शब्द दिला. पुढं तो जन्मभर निरनिराळ्या वेषांत भेटत राहिला. शब्द होता ‘ब्लॉक’.

आमच्याकडे हा शब्द शाळेत नव्हे, रानात कळायचा. खालच्या अंगाला नीरा, वरच्या अंगाला नीरा डावा कालवा. भाटघरचं पाणी नदीनं वीरला येतं आणि तिथून कालव्यानं बारामती, इंदापूरकडे निघतं. १८७६-७७च्या दुष्काळानं ज्या जिरायती मुलखाचं कंबरडं मोडलं, त्यात हे पाणी आलं आणि पाण्यामागं ऊस आला. मग उसामागं चिबड आली. नदीकडच्या काळ्या जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे या शेतीशास्त्रज्ञांनी १९१०मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिकाच लिहिली. पाण्यावाचून मेलेला मुलूख पाण्यानं मरू लागला होता.

त्यावर एक तोड मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी काढली होती. पुण्यात शिकलेला हा इंजिनिअर तेव्हा मुंबई इलाख्याच्या नोकरीत होता. त्यांची ब्लॉक पद्धत सांगायला सोपी, पाळायला अवघड. शेतकऱ्याच्या जमिनीचा ठरावीक तुकडा म्हणजे ब्लॉक. त्याला काही वर्षांसाठी पाण्याची हमी मिळायची, पण दर वर्षी तुकड्याच्या एक तृतीयांश भागातच ऊस करायचा. बाकीच्या भागात कमी पाण्याची पिकं. पुढच्या वर्षी उसानं जागा बदलायची. पाणी जास्त जणांना पुरायचं आणि जमिनीला उसंत मिळायची.

एका वर्षी वडिलांनी त्या तिसऱ्या हिश्श्याच्या बाहेर चार सऱ्या जास्त लावल्या. चाराच्या आठ होतात, तशा त्या झाल्या. तात्या मोजणीला आले. वडिलांनी चहा पाजला, घरची अडचण सांगितली, शेवटी “तात्या, आपलेपणानं घ्या,” म्हणाले. तात्यांनी चहा घेतला, साखळी टाकली आणि जेवढा ऊस होता तेवढा वहीत लिहिला. जादा आकारणी बसली. वडिलांनी बोलणं टाकलं.

मी त्याच दिवसांत शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणार होतो. अर्ज कुणाकडून भरून घ्यायचा, याची घरात चर्चा चालली होती, आणि तात्या स्वतः दारात येऊन उभे राहिले. वडील आत निघून गेले. तात्यांनी ओट्यावर बसून अर्ज भरला आणि त्यानंतर रोज संध्याकाळी मला इंग्रजी शिकवायला लागले. धीर करून मी विचारलं, “तात्या, ब्लॉक म्हंजे अडवणं ना?”

“पुस्तकात तसंबी हाय,” ते म्हणाले. “पर आपल्याकडं ब्लॉक म्हंजे दिलेला शब्द. सरकार म्हणतंय पाणी देतो, आपुन म्हणतो हद्दीत ऱ्हातो. तुझ्या बापाच्या जादा पाण्यानं बांधाखालच्याचं रान चिबडतंय, त्यो कुणाला सांगंल?”

पुढं पुण्यात छापखान्यात मुद्रितशोधक झालो. तिथं ब्लॉक म्हणजे चित्र छापण्याचा जस्ताचा ठसा. दिवाळी अंकाच्या घाईत “ब्लॉक आला का?” याखेरीज दुसरं बोलणं नसायचं. गावी पत्र आलं की त्यात बीडीओ साहेबांचा उल्लेख असे. पंचायत समित्या आल्यापासून तालुकाच ब्लॉक झाला होता. लग्नानंतर दोन खोल्यांची जागा घेतली, तर सासरकडचे मुंबईकर तिला कौतुकानं ‘ब्लॉक’ म्हणत. रविवारी मुंबईला जावं तर रेल्वेचा मेगाब्लॉक. आता अंगणात ब्लॉक बसवतात आणि नको असलेला माणूस फोनवरून ब्लॉक करतात. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ लाकडाचा ओंडका असा होता. तोच ओंडका वाटेत आडवा पडला की अडथळा होतो, आणि तासला की कामाला येतो.

तात्या शेवटी पुण्याला आले ते छातीत दुखू लागलं म्हणून. डॉक्टरांनी चित्र दाखवून ब्लॉक कुठे आहे ते समजावलं. तात्या माझ्याकडे बघून हसले. “जास्तीचा ऊस आपल्यातबी हाय म्हणायचा.” उपचारानंतर काही दिवस ते आमच्याकडेच राहिले. जाताना त्यांनी औषधांच्या खर्चाचा हिशेब मागितला. मी हात जोडले, तर म्हणाले, “मोजणी न करता घेतलेलं मला पचत न्हाई.” पैसे ठेवले आणि गेले.

म्हणजे त्यांनी आपलं ऋण मला फेडूच दिलं नाही. एक गोष्ट मात्र वडिलांच्या हातून घडली. बोलणं टाकलं होतं ते त्यांनी स्वतःच सुरू केलं, आणि पुन्हा कधी तिसरा हिस्सा ओलांडला नाही. आता विहिरी झाल्या, ठिबक आलं. मोजायला कुणी साखळी घेऊन येत नाही. आमच्या रानात ऊस अजून तेवढाच असतो. धाकटा भाऊ दर हंगामाला कुरकुरतो, हे परवडत नाही म्हणतो, आणि त्याचं गणित चुकीचं नाही. पण बांधाखालच्या शेतकऱ्याचं रान पावसाळ्यानंतर वेळेवर वापशावर येतं आणि त्याची ज्वारी पेरून होते. तात्यांच्या खात्यावर काही जमा करायचं असेल, तर ते तिथंच करता येईल.